हुंडीवरची सही आणि फोनवरची गंमत

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. समजा, दुकानातील एखादे बिल ३५२४ रुपयांचे झाले आहे. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२ होतात आणि चढत्या क्रमाने मांडले की २३४५. मोठ्यातून लहान वजा केले की ३०८७ उरतात. या ३०८७ वर पुन्हा तीच क्रिया करावी. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४च. येथून पुढे वाट नाही. बिल कोणत्याही गिऱ्हाइकाचे असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ते ६१७४ वर येऊन थांबते.

ही गंमत गेली अनेक वर्षे मोबाइलवरून फिरत आहे. कधी ती चित्रफितीच्या रूपाने येते, कधी गूढ संख्येच्या मथळ्याखाली. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात दुपारी गिऱ्हाईक थंडावले, की गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हातात फोन येतो. कुटुंबाच्या गटावर बीडचे काका असतात, लातूरच्या आत्या असतात, पुण्यात शिकणारे पुतणे-भाचे असतात. कोणी कोडे पाठवतो, कोणी हसवणारी चित्रफीत, कोणी नव्या खेळाचा दुवा. पाहणे आणि पुढे पाठवणे यांत अर्ध्या मिनिटाचेही अंतर राहत नाही. विखुरलेल्या कुटुंबाला दिवसातून एकदा एकत्र हसवणारी ही सोय आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की जे पुढे जाते त्यावर सही कोणाची असते?

६१७४ च्या बाबतीत ती सही एका मराठी शाळामास्तरांची आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवले. गणितातील मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा विरंगुळा. गणितज्ञांच्या परिषदांना ते पदरमोड करून जात आणि आपल्या संख्यांच्या गमती तेथे मांडत. अनेक विद्वानांना हे पोरखेळ वाटत. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांवर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. आज गणिताच्या ग्रंथांत ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' असेच म्हणतात. नांदूरघाटच्या गटावर मात्र संख्या पोहोचते आणि नाव वाटेत गळून पडते.

२०२५ साल उजाडले तेव्हाही हेच घडले. २०२५ चे २० आणि २५ असे दोन भाग केले तर बेरीज ४५ येते, आणि ४५ चा वर्ग २०२५ होतो, हा संदेश घरोघरी फिरला. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत हाती येते, तिला 'कापरेकर संख्या' म्हणतात, हे त्या संदेशात बहुधा नव्हते. गंमत चाखली गेली. पण मुलांना सांगण्यासारखी गोष्ट हातून निसटली. पदवीची उणीव न मानता आयुष्यभर निष्ठेने एक छंद जोपासणारा एक मराठी माणूस त्या संख्येच्या मागे उभा होता.

व्यापारी घराण्यांना सहीचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. ज्या काळात बँकेची शाखा शंभर कोसांवरही नव्हती, त्या काळात हुंडीवर देशाचा व्यापार चाले. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावे लागे, आणि जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचल्यावर देय होत. या सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी ती शाहजोग हुंडी. ती हातोहात फिरे, पण तिचे पैसे मिळत ते केवळ 'शाह' माणसाला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यक्तीला. पुढे हुंडी खोटी निघाली तर पैसे घेणाऱ्या शाहाला ते परत करावे लागत. "मला दुसऱ्याने दिली, मी फक्त पुढे केली," ही सबब पेढीवर चालत नसे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही धनादेशाच्या मागे सही करणाऱ्यावर पुढील धारकाची जबाबदारी टाकली आहे. बँकेत यालाच पृष्ठांकन म्हणतात.

कुटुंबाच्या गटावर एखादी गोष्ट पुढे पाठवणे म्हणजे तिच्या पाठीमागे सही करणे होय. पुतण्या जेव्हा काकांनी पाठवलेली चित्रफीत उघडतो, तेव्हा तो ती बनवणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही; तो काकांवर विश्वास ठेवतो. पत काकांची खर्च होते. म्हणून प्रत्येक गमतीला तीन प्रश्न विचारावेत. हिच्यावरची मूळ सही कोणाची? हिचे मोल कोण देतो? आणि ही संपल्यावर हाती काय उरते? हे तीन प्रश्न लावून पाहिले तर पाठवण्याजोगे पुष्कळ काही सापडते.

पहिले उदाहरण घरचेच आहे. इसवी सन ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे दिगंबर जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, आणि मराठवाडाही त्यांच्याच सत्तेखाली होता. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत, की ज्यांची उत्तरे दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येतात. गळ्यातील हाराचे मणी दोन्ही बाजूंना सारखे असावेत तसे हे अंक, म्हणून ग्रंथकाराने त्यांना हाराची उपमा दिली. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की सलग आठ वेळा १ येतो. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले तर उत्तर येते १२३४५६५४३२१. हेच उत्तर १११११ च्या पुढे आणखी एक १ लिहून, म्हणजे १११११ ऐवजी ११११११ घेऊन, त्या संख्येचा वर्ग केला तरी येते. अशा वर्गांचा अभ्यास कापरेकरांनीही केला होता, आणि डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावरून त्या जातीच्या संख्यांना 'डेम्लो' असे नाव दिले होते. एक हार मान्यखेटच्या काळातील आणि एक देवळालीचा. दोघांत अकराशे वर्षांचे अंतर, मणी मात्र तेच. 'गणितसारसंग्रह' हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला आहे. मूळ सही पाहावयाची असेल तर ती आपल्याच राज्यात प्रसिद्ध झालेली आहे.

दुसरे उदाहरण खजुराहोचे. तेथील दहाव्या शतकातील पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा एक चौकोन कोरलेला आहे. त्यातील अंक असे आहेत :

७, १२, १, १४
२, १३, ८, ११
१६, ३, १०, ५
९, ६, १५, ४

आडवी, उभी वा तिरपी कोणतीही ओळ मिळवावी, बेरीज ३४ येते. म्हणून याला चौतीसा यंत्र म्हणतात. गंमत येथे संपत नाही. चार कोपऱ्यांतील अंकांची बेरीज ३४, मधल्या चार घरांची बेरीज ३४, आणि एकमेकांना लागून असलेली कोणतीही चार घरे चौकोनात घेतली तरी बेरीज ३४. हा चौकोन गटावर येतो तेव्हा त्याच्यासोबत पुष्कळदा धनलाभाचे आश्वासनही येते. ते आश्वासन गाळावे आणि चौकोन ठेवावा. आठवीतील मुलाच्या हाती कागद-पेन्सिल देऊन, ३४ किती प्रकारांनी मिळतात ते मोजण्यास सांगावे. अर्धा तास फोन आपोआप बाजूला राहतो, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते : हाती बेरीज उरली.

तिसरे उदाहरण नेटवर्क नसतानाचे आहे, आणि नांदूरघाटला त्याचे अप्रूप अधिक. गूगलच्या क्रोममध्ये इंटरनेट बंद पडले की पडद्यावर एक चिमुकला डायनासोर दिसतो. संगणकावर स्पेसची कळ दाबली किंवा फोनवर त्याला बोटाने स्पर्श केला की तो धावू लागतो आणि निवडुंगांवरून उड्या मारतो. हा खेळ २०१४ मध्ये आला. इंटरनेटविना राहणे म्हणजे आदिम युगात परतणे, हा त्यातील विनोद. २०१८ मध्ये गूगलने सांगितल्यानुसार तो महिन्याला सुमारे २७ कोटी वेळा खेळला जात होता. ज्यांची जोडणी वरचेवर तुटते अशा भागांत तो अधिक खेळला जातो, हे ओघानेच आले. त्याच्या कर्त्यांनी गमतीने असेही म्हटले, की हा खेळ संपण्यास सुमारे १ कोटी ७० लाख वर्षे लागतील. यात पैसे मागितले जात नाहीत, नाव-पत्ता विचारला जात नाही, आणि नेटवर्क आले की तो स्वतःहून निघून जातो. पाहुण्याने कसे वागावे, हे या डायनासोरकडून शिकावे.

चौथे उदाहरण 'वर्डल' या इंग्रजी शब्दकोड्याचे. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्याने ते आपल्या जोडीदार पलक शाह यांच्या आवडीसाठी तयार केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सर्वांना खुले झाले. १ नोव्हेंबरला ते खेळणारे ९० जण होते. दोन महिन्यांत ही संख्या ३ लाखांच्या पुढे गेली. जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते विकत घेतले. या खेळाचे मर्म त्याच्या मर्यादेत होते. दिवसाला एकच कोडे. दुसरे हवे असेल तर उद्या यावे. खेळणाऱ्याचा वेळ अधिकाधिक ओढून घेणे हेच ज्या बाजारात भांडवल समजले जाते, तेथे एका माणसाने आपल्या खेळालाच परिमाण घालून दिले, आणि लोकांनी त्याच कारणाने तो डोक्यावर घेतला. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवू पाहणाऱ्या मुलांना हे कोडे जरूर दाखवावे.

आणि पाचवे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले गुप्ता पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे रमले. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे दाखवणाऱ्या त्यांच्या लहान लहान चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्यांत मराठी चित्रफितीही आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किराणा दुकानात रोज जो पुठ्ठा, सुतळी आणि रिकामे खोके फेकले जाते, त्यातून सुटीचा एक आठवडा सहज निघतो.

हे झाले जमेच्या बाजूचे. खतावणीला नावेची बाजूही असते, आणि ती पाहिल्याशिवाय ताळेबंद होत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये २००० रुपयांची नवी नोट आली, तेव्हा तिच्यात जमिनीखालीही माग काढणारी चिप आहे, असे सांगणाऱ्या चित्रफिती फिरल्या. नोटेत अशी चिप नव्हती. ही अफवा हसण्यावारी गेली. १० रुपयांच्या नाण्याची अफवा मात्र बाजाराच्या मुळाशी आली. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, पंधरा रेघांचे खोटे आणि दहा रेघांचे खरे, असे छायाचित्रांसह संदेश गावोगाव पोहोचले. पुष्कळ ठिकाणी दुकानदार गिऱ्हाइकाकडून नाणे घेईनात, आणि मग गिऱ्हाईकही दुकानदाराकडून घेईना. गल्ल्यातील खरा पैसा अडून बसला. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की १० रुपयांची नाणी वेळोवेळी वेगवेगळ्या नमुन्यांत काढली गेली आहेत, तोवर अशा नमुन्यांची संख्या १४ झाली आहे, आणि ती सर्व नाणी वैध चलन आहेत. अफवा पसरवणाऱ्यास दमडीचाही खर्च आला नव्हता. तिचे मोल बाजाराने दिले. दुसरा प्रश्न विचारावयाचा तो याचसाठी.

आणि एक गोष्ट अशी, की जिचे मोल पैशांत सांगता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश आणि चित्रफिती फोनवरून फिरत होत्या. जमावाने या पाचही जणांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारले. त्यांतील एकानेही कोणाचे मूल पळवले नव्हते.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. मोटरसायकलवरून मुलाला उचलून नेण्याचा तो अभिनय होता. शेवटी मूल परत आणून सोडले जाते आणि सावधगिरीचा फलक दाखवला जातो. कोणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला. ज्यांनी ज्यांनी तो पाठवला, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात काळजीच होती. आपल्या घरातील, भावकीतील, गावातील मुले जपली जावीत, हाच हेतू. पण हेतू चांगला आहे म्हणून खोट्या हुंडीचे पैसे वसूल होत नाहीत. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२० पासून अनेकवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यंत्राने घातलेली ही मर्यादा आहे. दोन बाणांची ती खूण दिसली, की हा कागद पुष्कळ हातांतून आला आहे आणि त्यावर कोणाचीही सही उरलेली नाही, एवढे समजावे.

आता खेळांविषयी. गटावर येणाऱ्या दुव्यांपैकी काही खेळ केवळ खेळ असतात, तर काहींच्या पोटात डाव लावलेला असतो. 'हा दुवा उघडा, दोघांनाही शंभर रुपये मिळतील,' असा आग्रह असला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. शंभर रुपये देणारा ते कोठून तरी वसूल करणार. खातेउताऱ्यावर ही वसुली मोठ्या रकमेने दिसत नाही. पन्नास, शंभर, दोनशे अशा ओळी येतात, मधूनच तीनशे रुपये जमा होतात आणि त्या जमेच्या आशेने पुढच्या दहा ओळी नावे पडतात. दुकानाच्या क्यूआर कोडवर दिवसभर असेच लहान आकडे येत-जात असल्याने घरच्यांच्या नजरेस ते लवकर पडत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवण्यास त्यात मनाई आहे. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जैन परंपरेने सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताला पहिले स्थान शतकानुशतके दिले आहे. कायदा उशिरा आला, एवढेच.

डाव न लावता खेळता येते, आणि खेळातून शिकवताही येते, याचा सर्वांत जुना दाखला आपल्याच परंपरेत आहे. ज्याला आज सापशिडी म्हणतात, त्याचा जैन अवतार 'ज्ञानबाजी' किंवा 'ज्ञानचौपड' या नावाने पश्चिम भारतात खेळला जाई. त्याच्या अनेक पटांवर चौऱ्याऐंशी घरे असत. प्रत्येक घरावर एखाद्या गतीचे, गुणाचे वा दोषाचे नाव असे. सद्गुणाच्या घरातून वर जावे, दोषाच्या घरातून सापाच्या शेपटीपर्यंत खाली यावे, आणि अखेरीस सिद्धशिलेकडे पोहोचावे. पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जात असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. महाराष्ट्रात याचाच भाऊ 'मोक्षपट' नावाने कवड्यांनी खेळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तेथे घरांवरची नावे हळूहळू बदलली, मग पुसली गेली, आणि उरले ते नुसते आकडे, साप आणि शिड्या. दोषाचे नाव पुसले गेल्यावर साप का गिळतो, हे मुलांना कळेनासे झाले. सही गळून पडल्याचे इतके मोठे उदाहरण दुसरे नसेल. जुन्या पटांची छायाचित्रे आज इंटरनेटवर पाहता येतात. ती मोठ्या कागदावर उतरवून, घरांची नावे मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहावयास लावली, तर येत्या चातुर्मासात घराघरांत पुन्हा पट मांडला जाऊ शकेल.

राहता राहिली दक्षता. लग्नपत्रिकेच्या, बँकेच्या वा सरकारी योजनेच्या नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप असते. ती उघडू नये आणि पुढे तर मुळीच पाठवू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. जितका विलंब, तितके पैसे दुसऱ्या खात्यांत पुढे सरकतात. घरातील मुलाने एखाद्या खेळात पैसे गमावले असतील, तर त्याला आधी सांगू द्यावे आणि मग हिशेब मांडावा. रागाच्या भीतीने लपवलेली नोंद वाढत जाते, हे प्रत्येक पेढीने अनुभवलेले आहे. आणि गटावर चुकीचे काही गेले असेल, तर ते पुसून गप्प बसण्याऐवजी 'हे खरे नव्हते' असे त्याच गटावर लिहावे. खोटी हुंडी परत घेणाऱ्या शाहाची पत त्यामुळे वाढतच असे.

या महिन्याचे कोडे सोपे आहे. चार अंकी संख्या जशा ६१७४ वर थांबतात, तशा तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. तिन्ही अंक सारखे नसतील अशी कोणतीही संख्या घेऊन करून पाहावे. त्यानंतर मुलांना दुसरे काम द्यावे. ४५ प्रमाणे, जिच्या वर्गाचे दोन भाग मिळवले की तीच संख्या परत येते, अशा दोन अंकी संख्या आणखी दोनच आहेत. त्यांतील एक नऊच्या पाढ्यात सापडते, दुसरी पाचाच्या. कॅल्क्युलेटर न वापरता शोधाव्यात. उत्तरे सापडल्यावर कुटुंबाच्या गटावर अवश्य पाठवावीत, आणि पाठवताना खाली देवळालीच्या मास्तरांचे नाव लिहावे.